डोक्यावर उभी कार्डं

बाबा गेल्यानंतर सदतिसाव्या दिवशी मी त्यांचा डबा आवरला. तीच माझी चूक झाली.

डबा म्हणजे बिस्किटांचा जुना, चौकोनी, पत्र्याचा डबा. झाकण कधीच हरवलेलं. सिंगापुरातल्या पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांच्या खोलीच्या खिडकीत तो असायचा आणि त्यात हिरवी कार्डं एकामागे एक उभी लावलेली असायची. रंगात काही अर्थ नव्हता. व्हाइट सँड्स मॉलमधल्या एका दुकानात सेल होता, हिरवी कार्डं कुणाला नको होती, बाबांनी दहा गठ्ठे उचलले. एका कार्डावर एकच गोष्ट. पुढच्या बाजूला मजकूर, मागच्या बाजूला आधार: कुठलं पत्र, कुठला ग्रंथ, कितवं पान. एकतीस वर्षं साताऱ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवताना त्यांनी असंच काम केलं होतं. "ज्या वाक्यामागे कार्ड नाही, ते वाक्य माझं नाही," असं म्हणायचे.

आई गेल्यावर, सहा वर्षांपूर्वी, ते लाँग टर्म व्हिजिट पासवर आमच्याकडे आले आणि इथे बसून त्यांनी मराठीत अमेरिकेवर पुस्तक लिहायला घेतलं. आजची अमेरिका नाही. स्वतंत्र झाल्यावरची पहिली तीस वर्षं. इंग्लंड आणि फ्रान्स एकमेकांशी लढतायत, समुद्र त्यांचा आहे, आणि या नव्या देशाला दोघांशीही व्यापार करायचाय पण दोघांच्याही भांडणात पडायचं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणी तरी हसून विचारलं होतं, "काका, सिंगापुरात बसून अमेरिकेचा इतिहास?"

"मग पेशव्यांवर लिहिणारे काय शनिवारवाड्यात राहायला जातात?" बाबा म्हणाले. नंतर म्हणाले, "दोन मोठ्यांच्या मधे उभं राहून दोघांना माल विकणं कसं असतं, हे इथल्या पेपरात रोज छापून येतं. मला वेगळं शोधावं लागत नाही."

बसमधून बॅलेस्टियर रोडवरून जाताना ते शेजारी बसलेल्या कुणालाही सांगायचे की हा रस्ता इथल्या पहिल्या अमेरिकन वकिलाच्या, म्हणजे कॉन्सलच्या, नावाचा आहे. त्याआधी कित्येक वर्षं अमेरिकन जहाजांना सिंगापुरात व्यापाराची मुभा नव्हती, कारण अठराशे पंधराच्या करारात चारच बंदरांची नावं होती, मुंबई, मद्रास, कलकत्ता आणि पेनांग. आणि सिंगापूरची वसाहत तेव्हा व्हायचीच होती. मग ती जहाजं समोरच्या रिआउ बेटांपाशी नांगर टाकायची आणि माल होड्यांतून ने-आण व्हायचा. शेजारची चिनी आजी मान डोलवायची. बाबा खूश.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण बंदरबंदीचं होतं. १८०७ च्या जूनमध्ये एका इंग्रज युद्धनौकेने अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन नौकेवर तोफा डागल्या, तिच्यावरचे चार खलाशी पळपुटे म्हणून उचलून नेले. देशात युद्धाची मागणी उठली. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी युद्ध केलं नाही. त्याऐवजी डिसेंबरात कायदा आला: आपलं एकही जहाज परदेशी जाणार नाही. आमचा माल मिळाला नाही की तुम्हीच शहाणे व्हाल, असा हिशेब. इंग्लंड शहाणं झालं नाही. अमेरिकेची बंदरं मात्र सुनी पडली. सव्वा वर्षाने कायदा मागे घ्यावा लागला.

बाबांना ही गोष्ट फार प्रिय होती. त्यांच्या प्रकरणाचा शेवट असा होता: "एकही गोळी न झाडता एका तरुण देशाने जगाला उत्तर देऊन पाहिलं. तो प्रयत्न फसला; पण त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं."

याच वाक्यावरून फेब्रुवारीत आमचं वाजलं.

चिनी नववर्षाची सुट्टी होती. मी, माझा नवरा सौमित्र, आमची सोळा वर्षांची जाई आणि बाबा जेवत होतो. बाबांनी ते वाक्य वाचून दाखवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी एका जहाज कंपनीत कागदपत्रं तपासते: कुठला माल कुठून निघाला, कुठे उतरला, कुठल्या देशाच्या नावाने पुढे गेला. कोविडच्या काळात बंदरं बंद असताना इथल्या ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यासमोर जहाजं रांगेने उभी होती आणि त्यांवरच्या माणसांना उतरता येत नव्हतं. दाभोळकडचा एक जण तेरा महिने जहाजावर होता. त्याच्या बायकोचे फोन माझ्या टेबलावर यायचे, कारण ऑफिसात मराठी बोलणारी मी एकटीच. हे बाबांना माहीत होतं.

"वाक्य चांगलं आहे," मी म्हणाले. "खरं नाही."

"कसं?"

"गोळी झाडली नाही म्हणून कुणी मेलं नाही असं थोडंच आहे? बाबा, युद्धात निदान मेलेल्यांची यादी होते. बंद पडलेल्या बंदरात कोण मोजतं?"

बाबांनी वाटी पुढे केली.

"हा भावनेचा मुद्दा झाला," ते म्हणाले. "आमटी वाढ."

मी आमटी वाढली. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. वडिलांनी बाजूला सारलेल्या वाक्याचं इतकं लागायला नको होतं. लागलं. त्यानंतर पुस्तकाचा विषय आमच्यात निघाला नाही. चहा, बीपीची गोळी, पाऊस आत येतोय, खिडकी लाव, एवढंच. एकोणतीस मेला सकाळी ते खुर्चीतून उठले आणि तिथेच कोसळले. पुढे काही बोलायचं राहिलं होतं असं मी म्हणत नाही. मी बोलायची थांबले होते.

म्हणून डबा आवरताना मला बरं वाटत होतं. इतक्या दिवसांत त्यांच्यासाठी केलेलं ते पहिलंच काम. काही कार्डं उलटी होती, डोकं खाली पाय वर. शेवटी शेवटी बाबांचा हात कापायचा; म्हटलं, घाईत लावली गेली असतील. मी एकेक काढून सरळ केलं, प्रकरणांप्रमाणे पुन्हा लावलं, डबा पुसला आणि कपाटात ठेवून दिला.

गुरुवारी पुण्याहून विश्वासचा फोन आला. विश्वास बाबांचा विद्यार्थी, आता त्याचं लहानसं प्रकाशन आहे. बाबांचं पुस्तक तोच काढत होता.

"वल्लरीताई, नऊ प्रकरणं तयार आहेत. सोमवारी छपाई सुरू करायची. सरांच्या वाढदिवसाला साताऱ्यात प्रकाशन ठरलंय, हॉल घेतलाय. आता दहाव्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा."

"दहावं तुझ्याकडे आहे ना? बाबांनी एप्रिलमध्ये पाठवलं होतं."

"वाचायला पाठवलं होतं. छापायला नाही. सर म्हणाले, याला हात लावू नकोस, अजून काही कार्डं डोक्यावर उभी आहेत."

मला कळलं नाही. मी तसं म्हटलं.

"अहो, सरांची पद्धत. तुम्हाला माहीत नाही?" त्याला खरंच नवल वाटलं होतं. "आम्हाला बी.ए.ला असतानाच लावली होती. आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं कार्ड मिळालं की ते उलटं ठेवायचं. उत्तर सापडलं की सरळ करायचं. डब्यात एक जरी कार्ड उलटं असलं तरी प्रकरण पुरं झालं म्हणायचं नाही. मी एकदा सगळी सरळ करून नेली होती, तर म्हणाले, विश्वास, तू इतिहासकार नाहीस, इस्त्रीवाला आहेस." तो हसला. "तर दहाव्यात उलटी किती आहेत, तेवढं बघा."

मी खुर्चीत बसले.

"विश्वास," मी म्हणाले, "मी ती सगळी सरळ केली."

पलीकडे रिक्षाचा हॉर्न वाजला.

"असू द्या, ताई," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला समजूतदारपणा मला सहन होईना. "आहे तसं छापू. वाईट नाहीये प्रकरण. उत्तम आहे."

"पण त्यांचं नाही."

"त्यांचंच आहे हो."

"त्यांच्या मते पुरं झालेलं नाही, म्हणजे त्यांचं नाही. मला रविवारपर्यंत वेळ दे."

शनिवारी सकाळी मी दहाव्या प्रकरणाची कार्डं जेवणाच्या टेबलावर पसरली. एकशे अठ्ठावीस होती. वाटलं होतं, वाचली की ओळखू येतील. बंदरबंदीच्या विरुद्ध जाईल ते कार्ड उलटं असणार. पण बाबांच्या प्रकरणात विरुद्ध गोष्टी कितीतरी आधीच होत्या, आणि त्यांची उत्तरंही होती. लाकडाचे तराफे सरोवरातून चोरून कॅनडात जात होते हे कार्ड होतं, आणि प्रकरणात त्यावर दोन पानं होती. इंग्लंडातल्या गिरण्यांनाही झळ बसली हे बाजूचं कार्ड. त्यावरही दोन पानं. काय सुटलं होतं आणि काय सुटलं नव्हतं हे फक्त त्यांना आणि त्या डब्याला माहीत होतं. डबा मी पुसून ठेवला होता.

जाई दुपारी उठून आली, हातात सीरियलचा बोल घेऊन.

"आई, व्हॉट हॅपन्ड टु द टेबल?"

मी सांगितलं. तिने एक चमचा खाल्ला.

"यू नेव्हर ॲस्क आजोबा मीन्स यू नेव्हर नो, लाह," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून घाईने मराठीत आली. "म्हणजे, तसं नाही. मला माहीत होतं उलट्या कार्डांचं. आजोबांनी मला सांगितलं होतं. मी समजले तुला पण माहीत आहे."

"मग कुठली होती ते आठवतंय?"

"नाही ना. मी फक्त विचारायची, आजोबा, हाऊ मेनी अपसाइड डाऊन टुडे? ते म्हणायचे, सात. मग नेक्स्ट वीक पण सात. मी म्हटलं, यू आर नॉट इव्हन ट्रायिंग. ते खूप हसले." तिने बोलमध्ये चमचा फिरवला. "मे मध्ये पण सातच होती."

सात. एकशे अठ्ठाविसांतली सात. आकडा कळल्यावर उलट जास्तच हरल्यासारखं वाटलं. सौमित्र म्हणाला, विश्वास म्हणतो तसं कर, लोक आजोबांचं पुस्तक वाचणार आहेत, डबा नाही. त्याचं चुकत नव्हतं.

रविवारी सकाळी टेबल रिकामं करायला हवं होतं. मी कार्डं पुन्हा डब्यात लावली, सगळी नीट, सरळ, आणि कपाटात न ठेवता डबा त्याच्या जुन्या जागी खिडकीत ठेवला. तेवढ्यासाठी खोलीत गेले होते. ऊन थेट आत आलं होतं. मी उभी होते, त्यामुळे वरून पाहिलं. इतकी वर्षं मी तो डबा दारातूनच पाहिला होता.

वरून कार्डांच्या फक्त कडा दिसत होत्या. त्या हिरव्या नव्हत्या. इथल्या उन्हात पडदे विटतात, जाईच्या बाहुल्यांचे कपडे विटले, तशा त्या कडाही विटून जवळजवळ पांढऱ्या झाल्या होत्या. पांढऱ्या कडांची एक लांब रांग, आणि तिच्यात मधेमधे काही बारीक, गडद हिरव्या रेघा.

मी एक रेघ चिमटीत धरून कार्ड वर काढलं. वरची कड नव्यासारखी हिरवी. खालची कड पांढरी.

ते कार्ड कित्येक महिने डोक्यावर उभं होतं.

मी मोजल्या. सातच होत्या. काही कार्डांच्या दोन्ही कडा अर्ध्यामुर्ध्या फिक्या होत्या, वरचीही आणि खालचीही. ती बाबांनी कधी तरी उलटी केलेली आणि उत्तर सापडल्यावर पुन्हा सरळ केलेली असणार. तराफ्यांचं कार्ड त्यांतलंच निघालं. मी त्यांना हात लावला नाही. सात तेवढी काढली आणि बाबांच्या पलंगावर ओळीने ठेवली.

पहिल्यावर अमेरिकेतल्या सेलम बंदरातल्या बेकार खलाशांच्या घरांसाठी सूप वाटायची सोय करावी लागल्याची नोंद. दुसऱ्यावर एका खलाशाने राष्ट्राध्यक्षांना लिहिलेल्या पत्रातली ओळ, घरी खायला काही उरलं नसल्याची. तिसऱ्यावर: नुसत्या संशयावरून माल अडवायचा अधिकार जकात अधिकाऱ्यांना द्यावा लागला, हे युद्ध टाळणं की घरात युद्ध आणणं? चौथ्यावर फक्त प्रश्न: त्या वर्षी मुंबईत अमेरिकन जहाजं किती कमी आली, आणि धक्क्यावरच्या हमालांचं काय झालं? मागे: 'आधार नाही. शोधणे.' पाचवं आणि सहावं बायकांविषयी होतं. नवरे बंदरात बसून असताना घर कुणी चालवलं, याच्या नोंदी का मिळत नाहीत, असं.

सातव्यावर बाबांच्या कापऱ्या अक्षरात दोन वाक्यं होती.

'युद्धात निदान मेलेल्यांची यादी होते. बंद पडलेल्या बंदरात कोण मोजतं?'

मी कार्ड उलटलं. मागच्या बाजूला, जिथे ग्रंथाचं नाव आणि पान असतं तिथे, लिहिलं होतं:

'वल्लरी, जेवताना, १८ फेब्रुवारी. हा या प्रकरणावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. दाभोळच्या खलाशाचे कागद तिने स्वतः हाताळले आहेत, म्हणून आधार पक्का. उत्तर नाही.'

आणि खाली, वेगळ्या पेनाने, नंतर कधी तरी: 'आमटीत त्या दिवशी मीठ नव्हतं. सांगितलं नाही.'

मी पलंगावर बसले. बाहेर कुणी तरी बास्केटबॉल खेळत होतं, चेंडूचा आवाज भिंतीवरून येत होता. बऱ्याच वेळाने जाई दारात आली, कार्डं बघून परत गेली, आणि मला पाणी आणून दिलं.

विश्वासला मी दुपारी फोन केला आणि सातही कार्डं दोन्ही बाजूंनी वाचून दाखवली. कडांचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सरांनी ऐकलं असतं तर तुम्हाला एम.ए.ला बसवलं असतं."

"शेवटचं वाक्य काढायचं नाही," मी म्हणाले. "ते त्यांचं आहे. त्यांना ते आवडत होतं. पण प्रकरण तिथे संपत नाही. खाली एक रेघ मार आणि ही सात कार्डं छाप. त्यांच्या क्रमाने. मी काही लिहिणार नाही, जोडणार नाही. वर एवढंच घाल, की लेखकाला यांची उत्तरं सापडली नव्हती."

"प्रकाशनाला लोक विचारतील, सरांचं मत नेमकं काय होतं म्हणून."

"होतं ते हेच."

त्याने लिहून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "सात नंबरचं. पुढची बाजू घेतो. मागची घेऊ का? घरगुती आहे, ताई. तुमचं नाव आहे. तुम्हाला नको असेल तर नुसतं 'संभाषणातून' असं टाकू. मिठाची ओळ तर गाळूच."

मी खिडकीतल्या डब्याकडे पाहिलं. सात कार्डांची जागा रिकामी होती आणि बाकीची थोडी कलली होती.

"मिठाची ओळ गाळ," मी म्हणाले. "ती माझी आहे. बाकी मागची बाजू पूर्ण घे. आधाराशिवाय त्यांचं कार्ड छापता येणार नाही."

"बरं."

"आणि विश्वास, चौथ्या कार्डाचं. मुंबईच्या जहाजांचं. ते शोधायचं कुठे असतं?"

"मुंबईच्या जुन्या दफ्तरात बसावं लागेल. वेळ लागतो. कशाला?"

"कळलं तर पुढच्या आवृत्तीत सरळ करता येईल," मी म्हणाले.

फोन ठेवून मी सहा कार्डं डब्यात परत लावली, डोकी खाली करून. सातव्याचा फोटो विश्वासला पाठवला, दोन्ही बाजूंचा, आणि मग तेही त्याच्या जागी उलटं ठेवलं.